निकड शून्य

उज्ज्वलाबाई शेवाळे यांना या व्यवहारात काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. म्हणजे बाईंना कुणी फसवलं, असं पुढे कुणी म्हणायला नको.

पहिलं म्हणजे फुकट प्रवास. सातपूरपासून नाशिकरोडपर्यंत, म्हसरूळपासून पाथर्डी फाट्यापर्यंत, कुठेही, कितीही वेळा. दुसरं, उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार अशी बसायची जागा. तिसरी गोष्ट करारात लिहिलेली नव्हती, पण पडद्यावर अंगठा टेकवताना बाईंच्या मनात तीच होती: शेजारी एक माणूस. या सगळ्याच्या बदल्यात द्यायचा होता फक्त वेळ, आणि वेळ त्यांच्याकडे दुकान बंद पडलेल्या व्यापाऱ्याच्या मालासारखा पडून होता. कुणी उचलून नेला तर उलट जागा मोकळी होणार होती.

सौदा फायद्याचा होता. कुणीही केला असता.

बाईंनी तीस वर्षं एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलची मेस सांभाळली होती. तीनशे पोरं, दोन वेळचं जेवण, रविवारी गोड. मग त्या निवृत्त झाल्या. नवरा त्याआधीच गेला होता. मुलगा वापीला केमिकल कंपनीत, तो रविवारी फोन करून "जेवलीस का?" विचारायचा आणि उत्तर पुरं व्हायच्या आत "बरं, ठेवतो" म्हणायचा. जेवणाचाच तर घोटाळा होता. एका माणसाचं वरण बाईंना करताच येत नव्हतं. हात डाळीच्या डब्यात गेला की दहा माणसांची डाळ घेऊनच बाहेर यायचा. उरलेलं त्या शेजारी नेऊन देत. शेजारीण दोन दिवस खूश झाली, चौथ्या दिवशी तिने डाएट सुरू केलं.

अशा वेळी शहरात सहगाडी आली.

सहगाडी म्हणजे सहा सीटची, ड्रायव्हर नसलेली विजेची गाडी. आकारावरून लोक तिला डबी म्हणत. तिच्यामागचा विचार साधा होता. रस्त्यावर जागा खाते ती गाडी नव्हे, गाडीतली रिकामी सीट. एक माणूस चार माणसांची जागा घेऊन ऑफिसला जातो, त्याच्यामागे दुसरा तेवढीच जागा घेऊन जातो, आणि दोघंही सिग्नलला उभे राहून महानगरपालिकेला शिव्या देतात. या दोघांना एका डबीत बसवलं की रस्ता मोकळा झाला. कोणाला कोणाबरोबर बसवायचं, कोणत्या वळणावरून न्यायचं, हे शहर प्रवास मंडळाची यंत्रणा ठरवत होती. सगळ्या शहराचा डाव ती दर काही सेकंदांनी नव्याने मांडायची.

मोठ्या रस्त्यांवर एक पट्टी राखून ठेवलेली होती, जलदपट्टी. तिच्यावर सिग्नल नाही, थांबणं नाही. अट एकच: गाडीत किमान तीन डोकी हवीत. इथे पहिली अडचण आली. दोन डोकी असलेली डबी तिसऱ्याची वाट बघत उभी राहायची, आणि वाचलेला वेळ तिथेच खर्ची पडायचा. लग्नाच्या पंगतीत माणसं कमी पडली की शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून बसवतात, तशी मग मंडळाने युक्ती काढली. ज्यांना कुठे जायची घाई नाही अशा लोकांना फुकट पास दिले. त्यांनी थांब्यावर यायचं, सवड आहे असं कळवायचं, आणि जिथे डोकं कमी असेल तिथे बसायचं. करारात त्यांचं नाव सवडप्रवासी. कॉलेजची पोरं त्यांना भरती म्हणत.

उज्ज्वलाबाई भरतीत दाखल झाल्या.

दुसरी अडचण अधिक मनुष्यस्वभावाची होती. एका डबीत चार जण, प्रत्येकाचं ठिकाण वेगळं, तर आधी कोणाला सोडायचं? सुरुवातीला मंडळाने पडद्यावर "तातडीचं आहे" असं एक बटण दिलं. आठवडाभरात अख्खं नाशिक तातडीत होतं. मिसळ खायला निघालेला माणूसही तातडीचं बटण दाबून निघायचा. मंडळाने बटण काढून टाकलं आणि ठरवलं की माणूस काय म्हणतो ते ऐकायचं नाही, काय करतो ते बघायचं. कोण दार उघडायच्या आत उठून उभा राहतो, कोण सारखं घड्याळ बघतो, कोण वळसा घ्यायला नकार देतो. यावरून यंत्रणा प्रत्येकाच्या मिनिटाला एक वजन द्यायची. त्या वजनाला नाव होतं निकड. ज्याची निकड जास्त त्याचं एक मिनिट वाया गेलं तरी यंत्रणेला ते लागायचं. ज्याची निकड शून्य, त्याला तासभर फिरवलं तरी शून्याने गुणून उत्तर शून्यच. कागदावर तो वळसा झालेलाच नसायचा.

वळणाआधी पडद्यावर प्रश्न यायचा: "थोडा वळसा आहे. चालेल?" खाली दोन बटणं, "चालेल" आणि "नको".

उज्ज्वलाबाईंनी कधीही "नको" दाबलं नाही. तीस वर्षं खिडकीतून पोरं ओरडत होती, मावशी, भात संपला; मावशी, आज पाच जण जास्त आहेत; मावशी, उशीर झाला, काही आहे का? आणि त्या आतून म्हणत होत्या, चालेल, टाकते, चालेल, या, चालेल, बस. शिवाय वळसा म्हणजे आणखी थोडा वेळ माणसांत. घरी परतायची घाई कोणासाठी करायची?

दोन महिन्यांत त्यांची निकड शून्यावर आली. त्यांना ते कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्या म्हणाल्या असत्या, चालेल.

*

डिसेंबरात एका दुपारी त्र्यंबक नाक्याच्या थांब्यावरून त्या डबीत चढल्या. आत लॅपटॉप मांडीवर घेतलेला एक तरुण, आणि त्याच्यासमोर डोक्यावर लोकरी टोपी, मांडीवर लांबट काळी पेटी घेऊन बसलेले एक म्हातारे गृहस्थ. डबी जलदपट्टीवर चढली.

"ताई, तुम्ही खऱ्या की भरतीच्या?" गृहस्थांनी विचारलं.

"भरतीची."

"मी पण. म्हणजे आपण दोघं मिळून या साहेबांना पोचवतोय." त्यांनी तरुणाला सलाम केला. "साहेब, काही चुकलं तर सांभाळून घ्या. नवीन आहोत."

तरुणाने कानात इयरफोन घातले.

त्यांचं नाव अमीन तांबोळी, भद्रकालीत राहणारे. लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवलं होतं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. बँड मोडून बरीच वर्षं झाली होती. पेटी मात्र ते बरोबर ठेवत. घरी ठेवली तर हवा लागत नाही म्हणायचे.

"अशोकस्तंभ ते रविवार कारंजा," ते म्हणाले. "चालत गेलं तर विडी संपत नाही एवढं अंतर. आम्ही दोन तास लावायचो. नवरदेव घोड्यावर पेंगायचा. मागे ट्रक, बस, रिक्षा, सगळे हॉर्न मारतायत, आणि नवरदेवाचा काका शंभराची नोट ओवाळून म्हणतोय, मास्तर, पुन्हा तेच वाजवा! या नाशिकला ट्रॅफिक जाम कोणी शिकवला? आम्ही शिकवला, ताई."

"आणि आता?"

"आता मला नुसतं बसवलं की गाडी पळते. सगळं पाप फिटतंय बघा."

उज्ज्वलाबाई मोठ्याने हसल्या. आपला आवाज इतका मोठा आहे हे त्या विसरूनच गेल्या होत्या. तरुणाने इयरफोनवरून आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या त्याच वेळी त्याच थांब्यावर गेल्या. योगायोग म्हणावा तर मास्तरही तिथेच होते. तिसऱ्या दिवशी योगायोग म्हणायची सोय राहिली नाही. दुपारी डब्या रिकाम्या असायच्या. एकट्या माणसाला जलदपट्टीवर न्यायचं तर आणखी दोन डोकी लागत, आणि बिनघाईची दोन डोकी एकाच थांब्यावर मिळाली तर यंत्रणेला आणखी काय हवं? ती दोघांना उचलायची आणि गावभर फिरवायची. वळशाचा प्रश्न आला की दोघांचं बोट एकदमच "चालेल"वर पडायचं. मग मास्तर म्हणायचे, "बघा, सूर जुळला."

चौथ्या-पाचव्या दिवशी बाईंनी स्टीलच्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू नेले. दोन करायचे होते, पंचवीस झाले होते. डबीत खायला मनाई होती, म्हणून मास्तरांनी डबा घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी परत आणला. आत खजूर.

"हे कशाला?" बाई म्हणाल्या.

"भरलेला आलेला डबा रिकामा कसा देऊ? अम्मी कबरीतून उठून बसेल."

"आमच्या सासूबाई पण असंच म्हणायच्या."

"मग झालं तर. दोघींची ओळख असणार वरती."

तेव्हापासून डबा ये-जा करू लागला. थालीपीठ गेलं, शीरखुर्मा आला. साबुदाणा वडे गेले, कागदात बांधलेली चारोळी आली. एकदा मास्तरांकडे काहीच नव्हतं, तर डब्याच्या तळाशी मूठभर साखर होती. बाईंनी ती साखर चहात घातली नाही. आठवडाभर वेगळी ठेवली, मग मुंग्या लागल्या तेव्हा नाइलाजाने संपवली.

आता एक बारीकशी नोंद. पहिल्या महिन्यात मास्तर त्यांना ताई म्हणत. दुसऱ्या महिन्यात ताई कमी झालं. फेब्रुवारीत ते काहीच म्हणेनासे झाले. बोलायचं असलं की आधी घसा साफ करत. बाईंच्या हे लक्षात आलं होतं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायला कोणी नव्हतं.

एकमेकांचा फोन नंबर मात्र दोघांनी घेतला नाही. नंबर मागायचा म्हणजे काहीतरी मागितल्यासारखं, आणि दोघांच्याही घरात मागण्याची सवय नव्हती. शिवाय गरज काय? यंत्रणा रोज आणून शेजारी बसवत होती. आपलं आपल्याला काही करावंच लागत नव्हतं, आणि नेमकी तिथेच गफलत झाली.

*

मार्चमधल्या एका सोमवारी मास्तरांनी डबा हातात घेतला आणि पेटीवर ठेवला. रोजच्यासारखा उघडून वास घेतला नाही. डबीत पुढे एक बाई फोनवर कोणाला तरी कर्जाचे हप्ते समजावून सांगत होती.

"नसीम बोलावतेय," मास्तर म्हणाले. नसीम त्यांची मुलगी, परभणीला दिलेली. "म्हणते, अब्बा, एकटे किती दिवस राहणार? वरची खोली रिकामी आहे. जावई पण चांगला आहे, कमी बोलतो."

"मग?"

"शुक्रवारी साडेदहाची गाडी आहे, नाशिकरोडवरून. तिकीट काढलंय." ते काचेबाहेर बघत राहिले. "तिकीट काय, रद्द पण होतं. इथं तरी माझ्यावाचून कोणाचं अडलंय?"

हा प्रश्न होता. मेसच्या खिडकीतून तो कुणी विचारला असता तर बाईंना कळलाही असता. इथे तो कळला, तोवर तोंड आपल्या सवयीने उघडलं होतं.

"चालेल की," त्या म्हणाल्या. "मुलीजवळ बरं. वेळेवर जेवण तरी होईल."

मास्तरांनी मान हलवली. मग म्हणाले, "आणि हा डबा?"

"राहू द्या. चालेल."

त्याच वेळी पडद्यावर वळशाचा प्रश्न आला. बाईंनी "चालेल" दाबलं. मास्तरांनी हात पुढे केला आणि "नको" दाबलं. पडदा क्षणभर गोंधळला आणि त्यावर अक्षरं आली: "आपण नेहमी होकार देता. चुकून दाबलं का?"

"बघा," मास्तर हसून म्हणाले, "मशीन पण एकदा विचारून बघतं."

पुढच्या थांब्यावर ते उतरले.

मंगळवारी ते आले नाहीत. बुधवारी, गुरुवारीही नाही. बाई थांब्यावर जाऊन बसत आणि डबी आली की चढत नसत. गुरुवारी त्यांनी मंडळाच्या मदतकेंद्राला फोन केला. "सहप्रवाशाची माहिती देता येत नाही," गोड आवाज म्हणाला, "आपणास आणखी काही मदत हवी आहे का?" भद्रकालीत जाऊन क्लॅरिनेटवाले मास्तर कुठे राहतात असं विचारलं असतं, तर पानवाल्याने घर दाखवलं असतं. पण बाई, तुम्ही कोण, काय काम, हेही त्यानेच विचारलं असतं. या प्रश्नाचं उत्तर बाईंनी तीन रात्री शोधलं. सापडलं नाही. स्टेशनवर मात्र कोणीही उभं राहू शकतं, कोणी विचारत नाही. बाईंनी स्टेशन ठरवलं. तिथे जाऊन एकच शब्द बोलायचा होता: थांबा. बाकीचं मग बघता आलं असतं.

*

शुक्रवारी त्या साडेआठलाच सातपूरच्या थांब्यावर होत्या. जलदपट्टीने नाशिकरोड अर्ध्या तासावर. वेळ चौपट होता. फुकटच्या पासावर जायला नको म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी डबीचं तिकीट काढलं. तिकीट काढलं की आपण खरे प्रवासी झालो, अशी त्यांची समजूत.

पण निकड तिकिटाला चिकटलेली नव्हती, माणसाला चिकटलेली होती.

"आपली गाडी लवकरच येत आहे," असं पडदा म्हणत राहिला. त्यांच्या नंतर आलेला शाळेचा शिक्षक गेला, कंपनीचे दोन जण गेले, कुत्र्याला दवाखान्यात नेणारी बाई गेली. सवा नऊला डबी आली, आत कोणी नव्हतं. ती नाशिकरोडला न जाता अंबडकडे वळली.

"थोडा वळसा आहे. चालेल?"

बाईंनी "नको" दाबलं.

"आपण नेहमी होकार देता. चुकून दाबलं का?"

"नाही."

"धन्यवाद. आपली आवड आम्ही लक्षात ठेवू," पडदा म्हणाला आणि डबी अंबडकडेच गेली. यंत्रणा शिकत होती, पण हळूहळू शिकत होती. एका नकारावर वजन वाढवलं असतं तर पुन्हा सगळं नाशिक तातडीत आलं असतं. छातीत दुखतंय म्हटलं असतं तर डबी वाऱ्यासारखी पळाली असती, पण दवाखान्याकडे. आणि परभणीची गाडी दवाखान्यातून सुटत नाही.

अंबडला एक मुलगी चढली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीशी फाइल, ओठांत काहीतरी पाठ म्हणत होती. इंदिरानगरला एक जाडजूड गृहस्थ चढले आणि त्यांनी बसल्या बसल्या फोन कानाला लावला. तीन डोकी झाली. डबी जलदपट्टीवर चढली आणि मुंबई नाका मागे पडला. समोर द्वारकेचा चौक. उजवीकडे नाशिकरोड, सरळ आडगाव.

"थोडा वळसा आहे. चालेल?"

बाईंनी "नको" दाबलं, पुन्हा दाबलं, आणि पडद्यावर सरळ बाण आला तेव्हा "उतरायचं आहे" दाबलं. डबीचा वेग कमी झाला. पडद्यावर लाल पट्टा: "प्रवासी संख्या दोन. जलदपट्टी सोडत आहोत."

"अहो, काय चाललंय?" गृहस्थ फोन बाजूला धरून म्हणाले. "आजी, मध्येच कशाला उतरता?"

"मला नाशिकरोडला जायचंय. साडेदहाची गाडी आहे."

"मग बसा ना, नेईल की ती. आधी आडगाव, मग तुम्ही. सिस्टिम ठरवते ते, आपल्या हातात काय?"

"तोवर गाडी जाईल."

"कोण जातंय गाडीने? तुम्ही?"

"नाही. एक ओळखीचे."

"मग फोन करा त्यांना," गृहस्थ म्हणाले. सगळा प्रश्न त्यांच्या दृष्टीने मिटला होता.

मुलीने मात्र बाईंचा हात धरला. तिचा हात गार होता. "आजी, प्लीज. उतरू नका ना. माझा दहाला इंटरव्ह्यू आहे. साध्या रस्त्याने गेलं तर पोचतच नाही. दोनदा हुकलाय आधी. ते तिसऱ्यांदा बोलवत नाहीत."

"सकाळी काही खाल्लंस?" उज्ज्वलाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

मुलीने मान हलवली. नाही.

यंत्राला नको म्हणणं बाई सकाळपासून शिकल्या होत्या. चांगल्या तीन-चार वेळा म्हणाल्या होत्या. पण खिडकीत उपाशी उभ्या असलेल्या पोराला नको म्हणायला त्या कधी शिकल्याच नव्हत्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, उजवीकडच्या रस्त्याकडे बघितलं.

"चालेल," त्या म्हणाल्या, आणि बसल्या.

लाल पट्टा विझला. डबी सरळ निघाली आणि पळू लागली.

आडगावला मुलगी दार उघडायच्या आत उभी राहिली. "थँक यू, आजी," असं तिने पायरीवरूनच म्हटलं आणि धावली. गृहस्थ पुढच्या वळणावर उतरले. मग डबीत बाई एकट्याच राहिल्या, आणि एकटं डोकं असल्यामुळे साध्या पट्टीने, सिग्नलला थांबत थांबत, डबी नाशिकरोडकडे निघाली.

वाटेत त्यांना एक गोष्ट सुचली आणि त्यांनी ती घट्ट धरून ठेवली. मास्तरही आपल्यासारखे नेहमी "चालेल"वाले. तेही तेवढेच बिनघाईचे. म्हणजे त्यांनाही यंत्रणा सकाळपासून फिरवत असणार. कुठे म्हसरूळला, कुठे पाथर्डीला. त्यांचीही गाडी हुकणार. स्टेशनच्या पायऱ्यांवर पेटी घेऊन ते चिडून बसलेले असणार, आणि आपण म्हणणार, मास्तर, चला, सुटली ती सुटली. बाईंना हसू आलं. शून्य आणि शून्य मिळून पहिल्यांदाच काहीतरी होणार होतं.

त्या फलाटावर पोचल्या तेव्हा गाडी जाऊन वीस मिनिटं झाली होती. एरवी तासभर उशिरा येणारी गाडी त्या दिवशी वेळेवर आली होती. पायऱ्यांवर कोणी नव्हतं. बाकांवर होते ते दुसरे लोक.

"काळी लांब पेटी घेतलेले एक मास्तर," त्यांनी एका हमालाला विचारलं. "लोकरी टोपी. दिसले का?"

"चाचा? दिसले ना. मीच त्यांची ट्रंक चढवली." हमालाने डोक्यावरची चुंबळ काढून घाम पुसला. "भद्रकालीवरून चालत आले, हातगाडीवर ट्रंक ठेवून, पहाटे निघून. मी म्हटलं, चाचा, डबी फुकट आहे ना म्हाताऱ्यांना? तर म्हणतात, डबीला मी लई आवडतो, ती सोडायचीच नाही मला. मी वरातीत यापेक्षा जास्त चाललोय."

बाई बाकाच्या कडेला टेकल्या.

"लवकर आले होते. पण आत काही जाईनात. तिथं फाटकाजवळ उभे, डब्या येतात तिथं. प्रत्येक डबीत वाकून बघायचे. गाडी आली, चढले, तरी तिच्या दारातच उभे. एका हातात पेटी, एका हातात स्टीलचा डबा. मी म्हटलं, सीट आहे ना तुमची, आत बसा. म्हणाले, थांब रे, डबा द्यायचाय एकांचा." हमालाने बाईंकडे नीट बघितलं. "तुमचा होता का?"

"काय होतं डब्यात?" बाईंनी विचारलं.

"काय माहीत. झाकण घट्ट होतं. जड दिसत होता पण."

*

परतीच्या डबीत दोन जण होते. तिसरं डोकं म्हणून बाईंना लगेच जागा मिळाली. पडद्याने वळशाचं विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर बघत बटण दाबलं. कोणतं ते यंत्रणेला माहीत आहे, आणि तिला आश्चर्य वाटल्याचं काही दिसलं नाही.

परभणी काही चंद्रावर नाही, असं कोणीही म्हणेल. बरोबर आहे. पण मास्तरांनी विचारलं होतं आणि बाईंनी उत्तर दिलं होतं. मग ते फाटकाशी उभे राहून उत्तर बदलतंय का बघत राहिले, आणि गाडी सुटेपर्यंत ते बदललं नव्हतं. आडगावच्या मुलीची गोष्ट त्यांना कोण सांगणार होतं? आणि सांगितली तरी कोणत्या नात्याने?

आता बेरीज.

मुलगी वेळेवर पोचली. नोकरी लागली की नाही ते माहीत नाही, पण खुर्चीत बसली ती घाम न पुसता. जाडजूड गृहस्थही वेळेवर पोचले आणि फोनवर बोलत राहिले. मंडळाच्या त्या वर्षीच्या अहवालात शहरातला सरासरी प्रवासाचा वेळ आणखी कमी झालेला आहे, धूर कमी झालेला आहे, आणि हे सगळं खरं आहे. रस्त्यावर उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं. त्या संध्याकाळी उज्ज्वलाबाईंच्या फोनवर मंडळाचा निरोपही आला. आज आपल्यामुळे सहप्रवाशांचा बराच वेळ वाचला, आभारी आहोत. त्याखाली, छोट्या अक्षरात: आपला गेलेला वेळ, शून्य.

म्हणजे मंडळाच्या हिशेबाने त्या दिवशी कोणालाच काही भरावं लागलेलं नाही. फक्त सातपूरच्या एका स्वयंपाकघरातल्या फळीवर एक डबा कमी आहे, आणि परभणीला एका वरच्या खोलीत एक जास्त.